सात किल्ल्या, कुलूप एकही नाही

किल्लीकाकांच्या दुकानात कोणीही शिरलं, की काका त्याच्याकडे आधी चोर म्हणून बघत आणि मग गिऱ्हाईक म्हणून. यात कोणी वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, पोस्टमनकडेही ते तसंच बघत. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहूनच बोलायचं. त्या एवढ्याशा जागेत तीन कुलपं होती: एक शटरला, एक गल्ल्याला आणि एक काकांच्या जेवणाच्या डब्याला. डब्याचं कुलूप बोटभर लांबीचं, त्यांनी स्वतः केलेलं. कोण खाणार होतं तुमची भाजी, असं बायको जिवंत असताना विचारायची. खाल्ली नाही हे कुलपामुळेच, असं काका सांगायचे, आणि यावर तिला कधी उत्तर सापडलं नाही.

धंद्याचा नियम एकच. कुलूप समोर ठेवा, मग किल्ली करून देतो. नुसती किल्ली घेऊन दुसरी करायला येणारा माणूस काकांच्या लेखी अर्धा तुरुंगात गेलेलाच असे.

"अहो काका, कुलूप दाराला बसवलेलं आहे."

"मग दार आणा."

आणि तरीही लोक त्यांच्याकडेच येत, कारण जुनी, विचित्र, कशाचीच न वाटणारी किल्ली ओळखावी ती काकांनीच. आजोबांच्या पेटीत सापडली, भंगारात आली, भिंत पाडताना निघाली, असल्या किल्ल्या हातात घेऊन ते क्षणभर तोलत, नळी असेल तर तीत फुंकर मारत, दात अंगठ्याच्या नखानं मोजत, आणि सांगत. ही पियानोच्या झाकणाची. ही भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची. चौकोनी तोंडाची ही रेल्वेच्या डब्याची, तुमच्याकडे कशी आली ते मी विचारत नाही. (विचारत नाही म्हणत आणि दहा मिनिटं तेच विचारत.) एकदा एक बाई खानदानी तिजोरीची म्हणून एक किल्ली रेशमी रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. तिला शेंड्याशी नुसती एक फट होती. काकांनी ती बघितली आणि सांगितलं, "बाई, ही मासळीच्या डब्याचा पत्रा गुंडाळून काढायची. पूर्वी डब्याबरोबरच मिळायची." बाई पुन्हा त्या रस्त्यानं गेल्या नाहीत.

एका मंगळवारी दुपारी काकांची थोरली बहीण दुकानात आली. ती चौऱ्याहत्तरची, काका एकोणसत्तरचे. अख्खा रस्ता ज्यांना काका म्हणे, त्यांना बाळू म्हणणारं आता जगात हे एकच माणूस उरलं होतं. तिचे यजमान जाऊन चार महिने झाले होते. तिनं पिशवीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि बाकावर ठेवला.

"बाळू, शटर जरा खाली ओढ."

काकांनी शटर ओढलं. डब्यात जुनं फडकं होतं, आणि फडक्यात एका तारेत ओवलेल्या सात पितळी किल्ल्या.

"कुठे होत्या?"

"त्यांच्या ट्रंकेत. खाली, कागदांच्याही खाली. आमच्या घरातल्या एकाही कुलपाला लागत नाहीत. सगळी लावून बघितली." ती स्टुलावर बसली. "या कुठल्या दाराच्या, ते मला सांग. पत्ता सापडला तर मी स्वतः जाऊन कडी वाजवणार आहे. भांडायला नाही रे. त्यांच्या आयुष्यात मी एकटीच होते की आणखी कोणी होतं, एवढंच मला मरायच्या आधी कळायला हवं."

काकांच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं: मी म्हटलंच होतं.

कारण त्यांनी खरंच म्हटलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी. भावजी कागदाच्या कारखान्यात वॉचमन होते. सरळ माणूस, बोलणं कमी, आणि कमी बोलणाऱ्या माणसावर काकांचा मुळातच विश्वास नव्हता. एक दिवस हे भावजी दुकानात आले आणि बारीक तिकोनी कानस मागू लागले. कशाला, असं विचारलं तर "आहे जरा काम" एवढंच. आठ दिवसांनी कानस परत आली ती तेल लावून, पुसून, आणि भावजींच्या बोटांना चिरा पडलेल्या. वॉचमनला कानस कशाला लागते? काकांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. त्यांच्या माहितीत चोरून कानस चालवणारा माणूस एकच गोष्ट करत असतो, आणि चोरून केलेली किल्ली आपल्या दाराची कधीच नसते. ताई तेव्हा टायफॉइडानं अंथरुणाला खिळली होती. ती उठेपर्यंत काकांनी कळ काढली, आणि मग तिला सांगितलं. फार नाही, एवढंच: "लक्ष ठेव. कुठेतरी पाणी मुरतंय."

तिनं लक्ष ठेवलं. चाळीस वर्षं.

"ठेवून जा," काका म्हणाले. "बघतो."

ती गेल्यावर त्यांनी सातही किल्ल्या ओळीनं मांडल्या, आणि त्यांना पहिल्यांदाच काही सुचेना. दारासाठी त्या फार आखूड होत्या. पेटीसाठी फार जाड. दात म्हणावे तर दातच नव्हते. प्रत्येकीच्या पात्यावर टोकाशी एक उंचवटा होता, कोरून काढलेला, आणि प्रत्येकीचा वेगळा. एकीचा सरळ दांडा, बाकीच्यांची कसली तरी वाकडी अक्षरं. परदेशी लिपी असावी असं काकांना वाटलं. मग वाटलं, खुणेची भाषा असेल. भावजी त्यांच्या डोळ्यांसमोर भराभर मोठे होत गेले: आधी नुसते बाईच्या नादी लागलेले, मग टोळीतले, मग टोळीचे म्होरके. तीन दिवस काकांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातली जुनी कुलपं एकेक करून काढली आणि सातही किल्ल्या सगळ्यांना लावून पाहिल्या. एकही कुलूप हललं नाही.

चौथ्या दिवशी नाइलाजानं ते दोन गल्ल्या पलीकडे घड्याळजीकडे गेले. नाइलाजानं, कारण घड्याळजीनं बारा वर्षांपूर्वी आपल्या मनगटी घड्याळाची चांगली स्प्रिंग काढून वाईट घातली असा काकांचा पक्का समज होता, आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. घड्याळजीला हे बोलणं बंद आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यानं खुर्ची पुढे केली.

त्यानं भिंग डोळ्याला लावून एक किल्ली बघितली आणि हसला. मग शाईचा पॅड ओढला, किल्लीचा उंचवटा त्यावर टेकवला आणि पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर दाबला. कागदावर स्वच्छ, सरळ इंग्रजी चार उमटला.

"उलटे आकडे आहेत," घड्याळजी म्हणाला. "शिक्क्यासारखे. ही उघडायची किल्ली नाही काका, ही छापायची किल्ली."

काका खजील झाले. आयुष्यभर त्यांनी किल्ली हातात घेऊन ती काय उघडते आणि काय बंद करते एवढंच पाहिलं होतं. किल्ली लिहीत असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"गस्तीचं घड्याळ तुम्ही बघितलं नसेल," घड्याळजी सांगू लागला. "मोठ्या कारखान्यांत असायचं. हे एवढं जड, चामड्याच्या पट्ट्यानं खांद्याला अडकवायचं. कारखान्याच्या प्रत्येक कोपऱ्यात भिंतीला साखळीनं एक किल्ली बांधलेली असे. वॉचमननं दर तासाला फेरी मारायची, प्रत्येक कोपऱ्यात थांबून तिथली किल्ली घड्याळात घालून फिरवायची. आत कागदाची चकती असते, तिच्यावर आकडा उठतो आणि वेळही कळते. सकाळी साहेब घड्याळ उघडून चकती बघणार. माणूस झोपला की फेरी चुकली, आणि फेरी चुकली की नोकरी गेली."

"म्हणजे या किल्ल्या भिंतीला असतात."

"भिंतीलाच. साखळीत."

"आणि सातही एका माणसाच्या खिशात असल्या तर?"

घड्याळजीनं भिंग काढलं. "तर तो माणूस फेऱ्या मारत नव्हता. कुठेही बसून दर तासाला सात किल्ल्या फिरवत होता. चकती भरलेली, आणि माणूस भलतीकडेच."

काकांना आत कुठेतरी बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा अंदाज हातात पुराव्यानिशी पडला होता. घड्याळजीला त्यांनी स्प्रिंगही माफ करून टाकली, मनातल्या मनात.

त्याच संध्याकाळी ते ताईकडे गेले. तिच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, त्यांनी सगळं सांगितलं: घड्याळ, साखळ्या, चकती, फेऱ्या. आवाज शक्य तितका दुःखी ठेवला.

"म्हणजे दुसऱ्या घराच्या किल्ल्या नाहीत," ताई म्हणाली.

"नाहीत. पण ताई, त्याहून वाईट आहे. यांच्यामुळे त्यांना रात्र मोकळी मिळत होती. कामावर आहेत अशी नोंद, आणि आहेत दुसरीकडेच. कुठे, ते आता कोण सांगणार?"

ती बराच वेळ हातातलं भांडं पुसत राहिली. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"किती वर्षं?"

"नोकरी तीस वर्षांची होती ना?"

"म्हणजे तीस वर्षं."

काकांनी मान हलवली.

ती खाली बसली. रडली नाही. "मी त्यांचे शर्ट धुवायच्या आधी हुंगून बघायची रे," ती म्हणाली. "रिटायर झाल्यावर भाजी आणायला गेले तर किती मिनिटं लागली ते बघायची. कधी काही सापडलं नाही. मला वाटायचं, मीच वाईट आहे. बरं झालं, आता कळलं." पण तिच्या चेहऱ्यावर बरं झाल्याचं काही दिसत नव्हतं. आपण आलो तेव्हा ही बाई जेवढी होती त्याहून लहान झाली आहे, असं काकांना वाटलं, आणि ते लवकर निघाले.

रस्त्यात मात्र एक गोष्ट टोचत राहिली. आपण मान हलवली ती बघून हलवली नव्हती. किती वर्षं, हा प्रश्न कारागिराला विचारलेला होता. किल्ली किती वर्षं वापरली हे काका एरवी अंधारात बोट फिरवून सांगत. एका घरमालकाचं भाडेकरूशी चाललेलं भांडण त्यांनी तेवढ्यावर मिटवलं होतं. आणि इथे न बघता तीस वर्षं म्हणून मोकळे झाले! दुसरा कोणी असं बोलला असता तर त्यांनी त्याला दुकानाबाहेर काढला असता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी किल्ल्या दिव्याखाली धरल्या. तीस वर्षं रोज फिरवलेल्या किल्लीच्या कडा गोल होतात, पितळ साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होतं. या किल्ल्यांच्या कडा बोटाला लागत होत्या. कानशीच्या रेघा जशाच्या तशा होत्या, उंचवट्यांचे कोपरे जेमतेम बोथटलेले. फार तर दीड महिन्याचा वापर. दोन महिने म्हणणं म्हणजे जास्तच.

दीड महिन्यासाठी कोण सात किल्ल्या घासत बसेल?

मग त्यांना त्या रेघा दिसल्या. प्रत्येक किल्लीवर, ठरावीक अंतरानं, एका रेघेऐवजी दोन रेघा अगदी जवळजवळ. त्यांच्या खणात एक तिकोनी कानस होती, जुनी, एक दात तुटलेली. बारीक कामाला तिच्याइतकी चांगली दुसरी मिळत नाही म्हणून त्यांनी ती टाकली नव्हती. ती काढून त्यांनी पितळेच्या तुकड्यावर दोनदा घासली. दोन रेघा, जवळजवळ. भिंगाखाली तुकडा आणि किल्ली शेजारी ठेवून ते बघत राहिले.

ती कानस त्यांच्या हातातून आयुष्यात एकदाच बाहेर गेली होती. तेव्हाची आणखी एक गोष्ट त्यांना आता आठवली, कारण ती विसरण्यासारखी नव्हतीच, फक्त इतकी वर्षं त्यांनी ती या गोष्टीशेजारी ठेवून पाहिली नव्हती. भावजी कानस मागायला आले तेव्हा जाताना त्यांनी खिशातून लिमलेटच्या दोन गोळ्या काढून दिल्या होत्या, पोरीला द्या म्हणून. त्यांची सहा वर्षांची मुलगी त्या वेळी काकांकडे राहायला होती. आईला टायफॉइड झाला होता म्हणून. दिवसा काकांची बायको ताईकडे जाऊन बसे. रात्री शेजारीण मधून मधून डोकावेल असं ठरलं होतं. वॉचमनला रजा मिळाली नव्हती. आणि ताप उतरायला किती दिवस लागले होते? दीड महिना.

काकांनी शटर खाली ओढलं आणि बसून राहिले. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? किल्ल्या कशाच्या ते ओळखून दिलं होतं, ताईनं ते मान्यही केलं होतं. रेघा वाचणारं दुसरं कोणी गावात नव्हतं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या खिशात काय आहे याचा विचार केला, त्या काकांना आज आपल्याच मनात काय चाललंय याची भीती वाटली. शेवटी ते उठले, किल्ल्या आणि कानस पिशवीत टाकली आणि निघाले.

ताईनं दार उघडलं. काकांनी या वेळी आवाज दुःखी केला नाही. त्याची गरज पडली नाही. उभ्या उभ्याच त्यांनी रेघा दाखवल्या, कानस दाखवली, दीड महिन्याचा हिशोब सांगितला. "ते दुसरीकडे कुठे जात नव्हते ताई. रात्री इथे येत होते. तुझ्याजवळ."

ताई पिशवीकडे बघत होती.

"घड्याळ वाजायचं," ती म्हणाली.

"काय?"

"आमच्या घरात तेव्हा घड्याळ नव्हतं. आणि मला उशाशी टिकटिक ऐकू यायची. मध्येच कटकट असा आवाज व्हायचा, पुन्हा पुन्हा, मग परत टिकटिक. आणि कपाळावरची घडी कोणीतरी बदलायचं. हात खरखरीत होता, शेजारणीचा नव्हता. मी बरी झाल्यावर तुला सांगितलं, हे रात्री माझ्याजवळ बसायचे. तू काय केलंस आठवतं?"

काकांना आठवत नव्हतं. मग आठवलं. कारखान्याची कुलपं तेव्हा त्यांच्याकडेच दुरुस्तीला असत. मॅनेजरशी बसणं-उठणं होतं.

"तू मॅनेजरला विचारून आलास," ताई म्हणाली. "आणि मला सांगितलंस, एकही फेरी चुकलेली नाही, ते रोज कामावर होते. तापात दिसलं तुला. मी ते मानलं. नवऱ्याचा हात मला ओळखता आला होता रे, आणि मी तुझ्या मॅनेजरचं खरं धरलं."

"पण त्यांनी तरी का नाही सांगितलं? नंतर, नोकरी संपल्यावर तरी?"

"कोणाला सांगणार? मला सांगितलं की तुला कळणार, हे त्यांना माहीत नव्हतं? आणि तुला कळलं की मॅनेजरला. पुढे तर..." ती थांबली. "पुढे मीच त्यांच्याशी धड बोलत नव्हते. मी एकदा विचारलं होतं, तुम्ही होता का माझ्याजवळ. तर म्हणाले, तू बरी झालीस ना, झालं तर मग. मला वाटलं, टाळतायत."

काका खुर्चीवर बसले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, चुकलो, किंवा तसलंच. पण ताई त्यांच्याशी बोलतच नव्हती.

"दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, ट्रंकेत खाली एक डबा आहे, तुला सांगायचं राहिलंय. मला वाटलं, आता कबूल करणार. कुठली बाई, कुठलं घर. मी हात सोडवून घेतला. म्हटलं, इतकी वर्षं नाही सांगितलंत, आता नका सांगू, मला ऐकवणार नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा काही बोलले नाहीत."

"ताई, चूक माझी आहे. मी तुझे कान फुंकले."

"तू फुंकलेस," ती म्हणाली. "पण तू तर डब्यातल्या भाजीवरसुद्धा संशय घेतोस, बाळू. तो तुझा धंदाच आहे. त्यांच्याजवळ राहत मी होते. मी का घेतला?"

ताईनं पिशवीतून किल्ल्या काढून मांडीवर घेतल्या होत्या, आणि एकेकीवरचा आकडा अंगठ्यानं चाचपत ती अगदी हळू आवाजात म्हणत होती, "सांगा ना आता. ऐकते मी. सांगा."